सूर लावायचे किती घेता?

आषाढातला शनिवार होता. बाहेर बेळगावी पाऊस, म्हणजे कोसळत नाही पण थांबतही नाही असा. येळ्ळूरहून मोटारसायकलवर दोघे जण काकांच्या वाद्यांच्या दुकानात आले. मागच्याच्या मांडीवर प्लॅस्टिकात गुंडाळलेलं खोकं, खोक्यात कोरी बाजाची पेटी. भजनी मंडळानं वर्गणी काढून ऑनलाइन मागवलेली, चौथ्या दिवशी दारात आलेली.

"ओ काका, एक पट्टी दाबली की वर येईनाच. तसाच बोंबलत राहतोय. बघा की जरा."

काकांनी पेटी समोर घेतली, भाता दोनदा ओढला आणि कान लावला. मग वरची फळी काढली. लाकूड ओल धरून फुगलं होतं आणि मधल्या सप्तकातली एक पांढरी पट्टी शेजारणीला घासत होती. त्यांनी पॉलिश कागदाची बारीक घडी त्या फटीत चार-पाच वेळा फिरवली आणि पट्टीखालची स्प्रिंग जरा ताणली. तेवढ्यात खर्जातला एक सूर उतरलेला त्यांच्या कानाला लागला, तोही त्याचं पितळी पातं घासून चढवला. पाऊण तास गेला असेल.

"कुठनं घेतलासा?" काकांनी विचारलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि कंपनीचं नाव सांगितलं.

"किती झाले काका?"

"राहू दे हो. एवढ्याला काय घ्यायचं."

मी शेजारच्या स्टुलावर बसून त्यांचं जीएसटीचं तिमाही पत्रक, सीएमपी-०८, भरत होतो. गेली कित्येक वर्षं या दुकानाचे हिशेब मी बघतो, आणि बदल्यात माझा तबला-डग्गा फुकट लावून घेतो. म्हणजे या प्रकरणातला एक आरोपी मीही आहे. पुढं जे लिहितोय ते मालकांच्या परवानगीनं, फक्त नाव आणि गल्ली सांगायची नाही या अटीवर.

दुकान

शहराच्या जुन्या भागात, दोन गाळ्यांचं. काकांच्या वडिलांनी सुरू केलेलं. पेटी, तबला, पखवाज, ढोलकी, टाळ, चिपळ्या हा मूळ माल. नंतर गिटार आणि कीबोर्ड आले. तंबोरा आणि सतार मिरजेहून सांगून आणायची. मिरजेच्या या दोन वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीपासून काकांचे वडील रेल्वेनं जाऊन भोपळा स्वतः टकटक करून निवडत असत.

इथं असं दुकान का चालावं, हे बाहेरच्याला चटकन समजत नाही. कुमार गंधर्व जन्मले ते बेळगावजवळच्या सुळेभावीत, १९२४ साली. पंडित रामभाऊ विजापुरे यांनी याच शहरात बसून पेटीवादकांच्या पिढ्या घडवल्या. पण दुकान पोसलं ते मोठ्या नावांनी नव्हे, भजनी मंडळांनी. बेळगाव तालुका, खानापूर, निपाणीकडची गावं आणि हद्दीपलीकडचा चंदगड, इथं गावागणिक एक मंडळ, मोठ्या गावात गल्लीगणिक. आषाढी, श्रावण, गणपती, कार्तिकातला काकडा, मग हिवाळ्यातली पारायणं. त्यात गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देणारी पोरं. हौसेनं वाजवणाऱ्यांचं हे जग आहे. पोटासाठी वाजवणारे त्यात मोजकेच.

पहिला घाव कुणाचा?

काका सगळा दोष ऑनलाइनवाल्यांना देतात. वह्या मात्र वेगळं सांगतात.

बंगळूरच्या रॅडेल कंपनीनं इलेक्ट्रॉनिक तंबोरा बाजारात आणला, त्यानंतर गाणं शिकणाऱ्या प्रत्येक घराला ती छोटी पेटी हवीशी झाली. नव्वदीत आणि त्यानंतरही दुकानाच्या काचेच्या कपाटातला सगळ्यात फायद्याचा माल तोच होता. वजनाला हलका, मोडतोड कमी, नफा बरा. तो माल संपवला फोननं. तंबोरा, तबला, तबल्यासाठीची लेहऱ्याची धून, सगळं ॲपमध्ये आलं, तेही फुकट किंवा एकदाच पैसे भरून. २०१६ मध्ये जिओ आलं आणि खेड्यापाड्यात नेट स्वस्त झालं. त्यानंतरच्या दोन वर्षांत कपाटातला तो खण रिकामा झाला. तिथं आता टाळ टांगलेत.

ऑनलाइनचा धक्का त्यानंतरचा. फ्लिपकार्ट २००७ चं, ॲमेझॉनची इथली विक्री २०१३ ची. पण बेळगावच्या वाद्यांच्या बाजारात तो जाणवला लोकांना फोनवरून पैसे द्यायची सवय लागल्यावर, आणि खरा बसला २०२० च्या टाळेबंदीत. दुकान बंद, लोक घरात, हाताला काम नाही. गिटार शिकायची लाट आली आणि ती सगळीच्या सगळी खोक्यांतून आली.

गिटारच्या तारांचा सेट काकांना घाऊक व्यापाऱ्याकडून ज्या भावात पडतो, त्याहून कमी भावात तो गिऱ्हाइकाला फोनवर दिसतो. यात जादू काही नाही. तिकडचा विक्रेता हजारांच्या हिशेबात माल उचलतो, काका डझनाच्या. तिकडं एक गोदाम देशभर पुरतं. इकडं एका गिऱ्हाइकानं विचारलेली जाड तार दोन वर्षं पडून गंजते. परदेशी भांडवलाच्या बाजारपेठांनी स्वतःचा साठा विकू नये, किमतीत हात घालू नये, असे नियम फेब्रुवारी २०१९ पासून कडक झाले, तेव्हा व्यापारी मंडळींना बरीच आशा होती. काकांच्या गल्ल्यात मला त्याचा एक रुपयाही दिसला नाही.

तारा, कीबोर्डचा स्टँड, कॅपो, पिशवी, माइक. ज्या मालाला कान लागत नाही तो सगळा गेला. परत येणार नाही. काकांना हे पटायला चार वर्षं लागली, आणि त्या चार वर्षांत त्यांनी भाव पाडून पाडून जे घालवलं त्यात एक बरा गाळा आला असता.

ऑनलाइन विकून बघितलं

हा सल्ला माझा. म्हणून थोडक्यात आवरतो.

काका जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहेत. छोट्या व्यापाऱ्याला ती बरी पडते, उलाढालीवर एक टक्का भरा आणि कागद कमी. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा व्यापाऱ्यांनाही ऑनलाइन बाजारपेठेतून माल विकायची मुभा मिळाली. मात्र राज्याच्या आतच. कंपोझिशनवाल्याला दुसऱ्या राज्यात माल पाठवता येत नाही, ही जुनी अट तशीच राहिली.

बेंगळुरात बसलेल्याला ही अट किरकोळ वाटेल. इथं ती गळ्याला येते. काकांना बीदरला तबला पाठवता येतो, पण शिनोळीच्या पुढं, म्हणजे महाराष्ट्रात, जिथं सकाळी जाऊन जेवायला घरी परत येता येतं, तिथं नाही. चंदगडचं गिऱ्हाईक तीन पिढ्यांचं. ते दुकानात येऊन, पैसे मोजून, पावतीवर पत्ता न घालता माल उचलून नेतं तोवर विक्री इथलीच धरतात. तोच माल कुरिअरनं मागवला की आंतरराज्य. नेहमीच्या नोंदणीत जायचं तर दर महिन्याचे कागद आणि माझी फी वाढणार. फी वाढेल म्हटल्यावर काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला.

राज्यातल्या राज्यात तरी विकू म्हणून सहा महिने प्रयत्न झाला. एक तबला-डग्ग्याची जोडी गेली आणि आठवड्यानं "सदोष" म्हणून परत आली. मधल्या काळ्या शाईवर पावडरचे डाग आणि खालच्या चुंबळीला अबीर. कुणीतरी सप्ताह वाजवून परत पाठवली होती. कमिशन गेलं, जाण्यायेण्याचा खर्च गेला. काकूंनी ती जोडी कपाटावर ठेवली आणि मला म्हणाल्या, "आता ह्याच्यावर तुम्हीच वाजवा."

मी वाजवतो.

एका वाक्याची किंमत

आता या प्रकरणातला माझ्या मते मुख्य प्रसंग.

वडगावच्या बायकांचं भजनी मंडळ. त्यांनी तबला ऑनलाइन घेतला. लाकूड ठीक, पुडी म्हणजे वरचं चामडंही वाईट नाही. पण लावून लावून जुळेना. मंडळाची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून गातात. तबला काळी एकचा. तबल्याच्या तोंडाचं माप आणि सूर बांधलेले असतात. तोंड मोठं तर सूर खाली, लहान तर वर. खोक्यावर "प्रोफेशनल" लिहिलं होतं, कुठल्या पट्टीचा ते आत कुठंतरी बारीक अक्षरात. त्यांच्या वादक बाईंनी तो खाली उतरवायला गट्ठे, म्हणजे वादीखालचे लाकडी ठोकळे, सैल केले, तर पुडी ढिली पडली आणि शाई बोलेनाशी झाली. वर ओढला असता तर फाटली असती.

काकांनी तो समोर घेतला आणि आधी नुसताच वाजवला. चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, बोट मारत, चुंबळीवर तबला फिरवत, काठाभोवतीची सोळाही घरं ऐकली. एखादं घर चढलेलं, त्याच्या समोरचं उतरलेलं, पावसाळ्यात चामडं असं वाकडंतिकडं सुटतं. मग हातोडी घेऊन गट्ठे खाली ठोकले आणि ढोबळ सूर काळी एकवर आणला. नंतर गजऱ्यावर, म्हणजे पुडीभोवतीच्या वेणीवर, बारीक काम. घर उतरलेलं असेल तर गजऱ्यावर वरून हलका ठोका, चढलेलं असेल तर खालून. एक घर, मग त्याच्या समोरचं, मग काटकोनातलं. मधे एकदा रस्त्यावरून रिक्षा गेली तर ती जाईपर्यंत हातोडी हवेत.

तबला गोल बोलू लागला, पण काळी एकमध्येच. वादक बाई म्हणाल्या, "पण आमची पट्टी चार की ओ काका."

काका म्हणाले, "काळी चारचा मध्यम कुठला? काळी एकच की. मध्यमात लागलाय म्हणा आणि वाजवा. मालकंस, बागेश्री काय गाल ते गोड लागेल. फक्त भूपातला अभंग असला की हा काढू नका, तिथं मध्यम नाही, कानाला टोचेल. त्या दिवशी इथनं दुसरा न्या."

बायकांचा तबला वाचला. नवा घ्यावा लागला नाही, परत पाठवावा लागला नाही. त्या दिवशी दुकानात जे काही मोलाचं होतं ते या तीन-चार वाक्यांत होतं, आणि ते ऐकायला कुठल्याही खोक्यातून येत नाही. वहीत त्या दिवशीची नोंद: शाईची पावडर, एक डबी.

मी हिशेबनीस. मला ती वही टोचली. पूर्वी काकांनी हेच वाक्य असंच फुकट दिलं असतं आणि त्यात तोटा नव्हता, कारण तबला त्यांच्याकडूनच गेलेला असे. त्याच्या किमतीत पुढच्या दहा वर्षांची देखभाल, सल्ला, चहा, सगळं मुरलेलं असे. आता किंमत एकीकडं जाते आणि देखभाल इकडं येते. दुकान माल विकून जगत होतं आणि कान फुकट वाटत होतं. विक्री गेली तरी वाटप चालूच राहिलं, रोग तो हा. भावाची स्पर्धा दुय्यम.

एक गोष्ट उलटी आहे आणि ती कुणी बोलत नाही. या भागात आज जितकी वाद्यं आहेत तितकी कधीच नव्हती. पूर्वी तीन गल्ल्यांत मिळून एक पेटी, आता प्रत्येक मंडळाची स्वतःची, शिवाय दोन-चार घरांत पोरांसाठी. स्वस्त झाली म्हणून घेतली. आणि पेटी स्वस्त असो की महाग, पितळी सूर उतरतो, भाता वारा सोडतो, पावसात पट्टी अडकते. ऑनलाइनवाले काकांच्या दारात गिऱ्हाईक पाठवतायत, फक्त काकांना त्या गिऱ्हाइकाकडून पैसे घेता येत नव्हते.

काकूंचा फळा

मी हे दोन वर्षं सांगत होतो. केलं काकूंनी. दिवाळीनंतर एका सकाळी दुकानात काळा फळा लागला, खडूनं:

तबला लावणे ८० रुपये. पेटीचा एक सूर ६०. पेटी उघडून, साफ करून, पूर्ण सूर: बघून सांगू. आमच्याकडून घेतलेल्या वाद्याला पहिलं वर्ष फुकट.

काका दोन दिवस फळ्याकडं पाठ करून बसले. "सूर लावायचे पैसे मागायचे म्हणजे पाणी विकल्यासारखं," म्हणाले. काकू म्हणाल्या, "पाणी विकूलाल्यात की आता सगळीकडं, बाटलीत."

परिणाम सरळ झाला नाही. मंडळांनी फारशी कुरकुर केली नाही. पेट्रोल जाळून येतात, चार वाजता उठून येतात, त्यांना ८० रुपये जड नव्हते. दुखावले ते जुने. एक शिकवणी घेणारे गुरुजी चार महिने फिरकले नाहीत. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी शिष्य इकडं धाडले ते काय खडूच्या फळ्यासाठी? शेवटी काकाच त्यांच्या घरी गेले. काय बोलणं झालं माहीत नाही, पण परत येताना गुरुजींनी एक कल्पना दिली आणि या सगळ्या प्रकरणातली ती सगळ्यात चांगली कल्पना ठरली: वाद्य भाड्यानं द्या.

शिकायला येणाऱ्या दहा पोरांतली सहा वर्षाच्या आत सोडतात. आईबाप घाबरतात, म्हणून ऑनलाइनवरचं सगळ्यात स्वस्त घेतात. ते वाजत नाही, म्हणून पोर सोडतं. त्याऐवजी महिन्याच्या भाड्यानं बरी पेटी न्या, वर्षभर टिकलात तर भाड्यातला काही भाग किमतीत वळता. काकांनी माळ्यावरच्या जुन्या सात पेट्या उतरवल्या, नवे भाते लावले. सप्त्यातून परत आलेली ती जोडी माझ्याकडून परत मागितली (दिली). पोरगं टिकलं की पेटी इथूनच जाते, कारण तोवर त्याला तिचा आवाज ओळखीचा झालेला असतो. ॲपला हे करता येणार नाही असं नाही, पण ते येळ्ळूरला येऊन भाता बदलणार नाही.

एक गाळा मात्र सोडावा लागला. तिथं आता मोबाइलचे कव्हर विकणारा आहे. तो काकांना दर आठवड्याला विचारतो, "हे ऑनलाइनवाले आम्हाला जगू देतील काय ओ?"

पाटी बदलायची वेळ त्याच सुमारास आली. कर्नाटकाच्या २०२४ च्या दुरुस्तीनं पाटीवर साठ टक्के कन्नड, तेही वरच्या अर्ध्यात, असं आलं. त्यावरून इथं काय काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी त्यात शिरत नाही. पण एक निरीक्षण नोंदवतो: जुन्या मराठी पाटीवर "विक्री व दुरुस्ती" असं होतं. रंगाऱ्याला मजकूर देताना काकूंनी कन्नडमध्ये "रिपेरी" वर आणि मोठं लिहायला सांगितलं. तेव्हापासून बैलहोंगल, गोकाककडचे लोक ढोलकी घेऊन येऊ लागलेत. काका त्यांच्याशी कन्नडमध्येच बोलतात, नेहमीसारखं.

आजची स्थिती

माझ्या हिशेबानं सांगायचं तर दहा वर्षांपूर्वी दुकानाच्या कमाईतला बहुतेक भाग विक्रीचा होता. आज दुरुस्ती, सूर आणि भाडं मिळून निम्म्याच्या वर गेलंय. एकूण रक्कम पूर्वीपेक्षा कमी, पण अडकलेला पैसाही कमी आणि व्याज जवळपास संपलंय. दुकान जगलं, असं मी म्हणेन. काका म्हणतील की दुकान गेलं, कारखाना राहिला. दोन्ही खरं धरायला हरकत नाही.

खरी अडचण दुसरीच आहे आणि ती माझ्या वहीत बसत नाही. काकांचं वय सत्तरीला टेकलंय. मुलगा बेंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये, तो येणार नाही आणि त्यानं यावं असं काकूंनाही वाटत नाही. पुडी बदलणारा कारागीर दर गुरुवारी बाहेरून येतो, त्याचंही वय तेच. शाईचे थर चढवून दगडानं घोटायचं काम एक दिवस बघून येत नाही. सूर घासायचं तर त्याहून नाजूक. पितळी पात्याच्या टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि एकदा जास्त घासलं की ते पातं भंगारात.

गेल्या वर्षापासून खानापूरची एक मुलगी आठवड्यातले दोन दिवस येते. पेटीची विशारद करतेय. सुरुवातीला काकांनी तिला फक्त भाते चिकटवायला दिले. मग एका दुपारी मी गेलो तर ती जुन्या, टाकाऊ पेटीतले सूर एकेक काढून घासत बसली होती आणि काका डोळे मिटून ऐकत होते. अकरा पाती खराब केली. बाराव्याला काका म्हणाले, "हं." बास, एवढंच.

तिला ते किती देतात हे मला वहीवरून माहीत आहे, आणि ते पुरेसं नाही. हे मी त्यांना सांगितलंय. पुढच्या तिमाहीला परत सांगणार आहे. विशारद झाल्यावर तिला कुठल्याही शाळेत संगीत शिक्षिकेची नोकरी मिळेल आणि ती घेईल.

श्रावण आठ दिवसांवर आलाय. दुकानात ठेवायला जागा नाही, मंडळांचे पखवाज जिन्यावर उभे केलेत, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. माझा डग्गा फुटलाय, तोही तिथंच आहे. काकूंनी चिठ्ठी लिहिली, नंबर चौदा, आणि पुडीचे पैसे आगाऊ मागितले. मी म्हटलं, "अहो काकू, मी..." त्यांनी फळ्याकडं बोट केलं. फळ्यावर खाली नवी ओळ होती: हिशेबनीसांनाही.